टॉवरची साक्ष

‘मोबाईल लोकेशनवरून आरोपीचा छडा लागला.’ हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचले आहे की ते आता डोळ्याला खुपत नाही. वाचणारा मान डोलावतो, ‘बरे झाले, सापडला मेला!’ म्हणतो आणि पान उलटतो. छडा लागला म्हणजे नेमके काय सापडले, हे कोणी विचारीत नाही. सापडलेला असतो तो एका यंत्राचा माग. त्या यंत्रापासून माणसापर्यंत एक वाट आहे आणि त्या माणसापासून त्याच्या कृत्यापर्यंत दुसरी वाट आहे. माझी तक्रार अशी की, या दोन्ही वाटा हल्ली चालण्याऐवजी उडी मारून ओलांडल्या जातात. बातमी देणारा उडी मारतो, त्याच्यामागून वाचणारा मारतो, आणि पुष्कळदा तपास करणाराही मारतो. खाली पडतो तो मात्र चौथाच कोणी.

मी वकील नव्हे, पोलीस नव्हे, यंत्रशास्त्र जाणणारा तर नव्हेच. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. परंतु या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार मला या दोन धंद्यांनीच दिला आहे. मास्तर म्हणून मी रोज हजेरी घेतो. ‘हजर’ हा आवाज कोणाच्या गळ्यातून निघाला आणि खूण कोणाच्या नावापुढे पडली, यांत किती अंतर असू शकते ते मला ठाऊक आहे. आणि कादंबरीकार म्हणून मला नुसते दोन ठिपके द्या. रात्री नऊला नायक पुलाजवळ होता, साडेनऊला नदीकाठच्या वाड्याजवळ होता. मधला अर्धा तास मी असा भरून देईन की वाचकाला घाम फुटावा! तो माझा धंदा आहे, आणि त्यापायी कोणी तुरुंगात जात नाही. पण हाच उद्योग कोणी आरोपपत्रात करू लागला तर?

माग काढण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. स्यमंतक मण्याची गोष्ट गणेशचतुर्थीला घरोघर सांगितली जाते. सत्राजिताचा भाऊ प्रसेन तो मणी गळ्यात घालून शिकारीला गेला आणि परतलाच नाही. श्रीकृष्णाने तो मणी पूर्वी मागितला होता. तेव्हा मणी घेतला त्यानेच, असे लोक कुजबुजू लागले. श्रीकृष्णाने काय केले? नगरातली माणसे बरोबर घेतली आणि तो रानात गेला. प्रसेन आणि त्याचा घोडा मरून पडलेला दिसला, तेथे सिंहाचा माग होता. पुढे सिंह मेलेला दिसला, तेथून अस्वलाची पावले जांबवंताच्या गुहेकडे गेली होती. प्रत्येक पाऊल साक्षीदारांच्या देखत पाहिले गेले. लोकांनी तर्काने जो माणूस ठरवला होता तो मागावरून निर्दोष निघाला. मागाची खरी प्रतिष्ठा यातच आहे की, तो तर्काची खोड मोडतो.

पुढे आपल्या खेड्यांतूनही हीच रीत होती. एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात ती नमूद आहे. गावात चोरी झाली की गावच्या राखणदाराने चोराचा माग काढीत शिवेपर्यंत जायचे. माग शिवेपलीकडे गेलेला दाखवला की जबाबदारी पलीकडच्या गावावर. तेथला राखणदार स्वतः तो माग पाही आणि मगच पुढे चाले. त्या व्यवस्थेत दोष होते, जुलूमही होता. मी तिचे गोडवे गात नाही. परंतु तिच्यात एक शहाणपण होते. माग दोघांनी पाहायचा असे, आणि तो गुन्ह्याच्या जागेपासून सुरू होत असे.

आता टॉवरकडे वळू. आपला फोन खिशात पडल्या पडल्याही आसपासच्या टॉवरांशी संधान ठेवून असतो. कॉल केला की कंपनीच्या दप्तरी नोंद पडते: कोणत्या क्रमांकावरून कोणत्या क्रमांकावर, किती वाजता, किती वेळ, आणि कोणत्या टॉवरवरून. पोलीस ज्याला सीडीआर म्हणतात तो हाच कागद. एका टॉवरवर साधारणतः तीन दिशांना तोंड करून अँटेना बसवलेले असतात. म्हणजे नोंद सांगते ती फार तर एक दिशा आणि एक पसरट तुकडा. दाट वस्तीच्या शहरात हा तुकडा काही शे मीटरांचा, तर उघड्या मुलखात कित्येक किलोमीटरांचा. शिवाय फोन सर्वांत जवळचाच टॉवर पकडील असाही नेम नाही. जवळच्यावर गर्दी असली, मध्ये डोंगर किंवा उंच इमारत आली, की तो लांबच्याशी जोडला जातो. राज्याच्या सीमेवरच्या गावांत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. घरच्या ओसरीवर बसलेल्या माणसाला फोन कळवतो की, शेजारच्या राज्यात आपले स्वागत असो!

म्हणून ही साक्ष टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. इंग्लंडात केंब्रिजशायर परगण्यातल्या सोहॅम गावी ४ ऑगस्ट २००२ च्या संध्याकाळी दहा वर्षांच्या दोन मैत्रिणी नाहीशा झाल्या. एकीजवळ फोन होता. तो ६ वाजून ४६ मिनिटांनी बंद पडला आणि त्याची शेवटची नोंद बरवेल नावाच्या शेजारगावच्या टॉवरवर झाली. टॉवरचे नाव वाचून तेथेच धाडी घालीत कोणी बसले नाही. एक तज्ज्ञ तसाच फोन हातात घेऊन, त्या मुली ज्या वाटेने गेल्या असतील ती वाट चालला. आणि बरवेलचा टॉवर पकडणारी जागा त्याला शाळेच्या एका राखणदाराच्या घराबाहेर सापडली. त्या माणसाला डिसेंबर २००३ मध्ये जन्मठेप झाली. पण नुसत्या टॉवरवर झाली नाही. मुलींचे अर्धवट जळालेले कपडे शाळेच्याच आवारात सापडले होते, कपड्यांचे धागे जुळले होते. टॉवरने दिशा दाखवली आणि माणसांनी चालून, वाकून, वेचून पुरावा गोळा केला. याला मी तपास म्हणतो.

याच वर्षी अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरात एका स्त्रीचा खून झाला आणि तिच्या ओळखीच्या दुसऱ्या एका स्त्रीवर आरोप आला. प्रेत जेथे सापडले त्या उद्यानातच आरोपीचा फोन त्या सकाळी होता, हे आपण टॉवरवरून दाखवून देऊ, असे सरकारपक्षाने सांगितले. तिच्या वकिलाने ते पारखून न घेता तिला सल्ला दिला की, आता लढण्यात अर्थ नाही. २००४ मध्ये तिने गुन्हा कबूल केला. वस्तुतः त्या टॉवरची नोंद एवढेच सांगत होती की, फोन बऱ्याच मोठ्या मुलखात कोठेतरी होता. तिच्या वकिलाने आपले कर्तव्य केले नाही असा निवाडा न्यायाधीशाने दिला आणि २०१४ मध्ये ती सुटली. तुरुंगात गेलेली वर्षे कोणत्या टॉवरकडून परत मागायची?

कोणी म्हणेल, एखादी चूक कोठेही व्हायचीच. मग डेन्मार्कचे पाहा. तो देश टापटिपीसाठी नावाजलेला. तेथे २०१९ साली ध्यानात आले की, टेलिफोन कंपन्यांकडून आलेला कच्चा मजकूर नकाशावर मांडणारी पोलिसांची संगणकप्रणालीच गफलती करते. काही नोंदी ती गाळी, काही फोन भलत्याच टॉवरांना जोडी. एकच फोन एकाच वेळी शेकडो किलोमीटर अंतरावरच्या टॉवरांवर असल्याचेही दाखवले गेले. आपल्याकडे याला योगसिद्धी म्हणतात. डेन्मार्कमध्ये तो पुरावा म्हणून कोर्टात जात होता! तेथल्या सरकारने २०१२ पासूनची सुमारे १०,७०० प्रकरणे पुन्हा तपासायला घेतली, असा पुरावा वापरणे दोन महिने थांबवले आणि ३२ कैद्यांना कोठडीबाहेर सोडले. ते सारेच निरपराध होते असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, नकाशावरचा ठिपका हा कोणीतरी काढलेला असतो, आणि काढणाऱ्याचा हात चुकतो.

परंतु याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. पूर्वी माग गुन्ह्यापासून निघून माणसाकडे जाई. आता उलट होऊ लागले आहे. गुन्ह्याच्या जागेभोवती नकाशावर वर्तुळ काढायचे, त्या वेळी त्या वर्तुळात ज्यांचे ज्यांचे फोन होते त्या सर्वांची यादी मागवायची, आणि यादीतून गुन्हेगार वेचायचा. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात २०१९ साली एका पतपेढीवर दरोडा पडला, तेव्हा पोलिसांनी दीडशे मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून गूगल कंपनीकडून नोंदी मागवल्या. १९ खाती हाती आली. आपल्याकडे टॉवरवरचे सगळेच क्रमांक असे मागवतात, त्याला पोलीस ‘डम्प डेटा’ म्हणतात. या जाळ्यात मासा सापडतो हे खरे. परंतु जाळ्यात येणारे सगळेच त्या मिनिटापुरते संशयित होतात आणि त्यांना पत्ताही नसतो. ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही. या पद्धतीत फांदी तुटताना झाडावर असलेला प्रत्येक कावळा चौकशीला पात्र ठरतो.

फ्लोरिडा राज्यातल्या गेन्सव्हिल गावी २०१९ साली सत्त्याण्णव वर्षांच्या एका आजीबाईंच्या घरी चोरी झाली. एक तरुण नित्याप्रमाणे व्यायामासाठी सायकलवरून त्या भागात फेऱ्या मारीत होता. किती मैल झाले हे मोजण्यासाठी त्याने फोनवर सोय करून ठेवली होती. तासाभरात तो त्या घरावरून तीनदा गेला, आणि वर्तुळात सापडला. जानेवारी २०२० मध्ये गूगलकडून त्याला पत्र आले की, तुमची माहिती पोलिसांनी मागवली आहे. आईवडिलांनी पदरमोड करून वकील दिला म्हणून तो निभावला. ॲरिझोना राज्यातला दुसरा एक तरुण इतका नशीबवान नव्हता. मार्च २०१८ मधल्या एका खुनाच्या जागी त्याच्या गूगल खात्याची नोंद सापडली, त्याच्यासारखीच पांढरी मोटारही दिसली; डिसेंबरात त्याला पकडले आणि जवळजवळ आठवडाभर कोठडीत ठेवले. पुढे कळले की, त्याची मोटार दुसराच एकजण वापरीत असे, आणि तो स्वतः आपले खाते इतरांच्या फोनवरही उघडीत असे. पकडल्याची बातमी छापून आली होती. सुटल्याची बातमी तेवढ्याच ठळक अक्षरांत वाचणारे कितीसे भेटतात?

‘पण मास्तर, ज्याने काही केले नाही त्याला भिण्याचे कारण काय?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणारे सज्जन असतात, आणि त्यांच्या खिशात वकिलाची फी असते. त्या सायकलवाल्याने काय केले होते? तो व्यायाम करीत होता. निरपराध माणसाचे निरपराधित्व आपोआप सिद्ध होते, ही समजूत ज्याच्यावर कधी आळ आला नाही त्यालाच परवडते. प्रत्यक्ष श्रीकृष्णालाही आळ धुऊन काढण्यासाठी रानावनांत हिंडावे लागले आणि अठ्ठावीस दिवस गुहेत झुंजावे लागले. रोजावर जाणाऱ्या माणसाने तेवढे दिवस कोठून काढावेत?

वाचकहो, हा अंक चाळताना सहज आपल्या घराकडेच नजर टाका. फराळाला सारी मंडळी जमली आहेत. आजोबांचा फोन नातवाच्या हातात आहे. वहिनींच्या फोनमधले सीमकार्ड दादांच्या नावावर आहे. धाकट्याने फोन घरीच विसरून फटाके आणायला बाजार गाठला आहे. कामवाल्या मावशींकडे घरात मिळून एकच फोन, तो दिवसा त्या नेतात आणि रात्री त्यांचा मुलगा. आता सांगा, आज सायंकाळी कोण कोठे होते हे कंपनीच्या दप्तरावरून कोणाला सांगता येईल? ऊस तोडायला शेकडो मैल जाणारी, बांधकामावर पालात राहणारी माणसे तर कोणी घेऊन दिलेल्या सीमवर बोलतात. यंत्र आणि माणूस एक धरण्याची चूक श्रीमंताच्या बाबतीत क्वचित घडेल. गरिबाच्या बाबतीत ती वारंवार घडण्याजोगी आहे.

आपला कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ८ जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने जामिनाची एक अट रद्द केली. आरोपीने गूगल नकाशावर आपल्या ठिकाणाची खूण टाकून ठेवावी, म्हणजे तपास अधिकाऱ्याला तो कोठे आहे ते दिसत राहील, अशी ती अट होती. उत्तम झाले. परंतु माणूस आता कोठे आहे हे पाहत राहायला न्यायालय हरकत घेते, आणि तो गेल्या वर्षभरात कोठे कोठे होता हे मागवायला पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची संमती पुरते! न्यायाधीशाची सही आधी लागतेच असे नाही. दूरसंचार खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये या नोंदी दोन वर्षे जपून ठेवण्याचे कंपन्यांना सांगितले. दोन वर्षांची ही वही किती सांभाळून ठेवली जाते म्हणाल, तर २०१८ साली ठाणे पोलिसांनीच खाजगी गुप्तहेरांना पकडले होते. आरोप हा की, ते लोकांचे सीडीआर चोरून मिळवून विकतात.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये कार्पेंटर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी याच प्रश्नाचा निकाल दिला. दुकाने लुटल्याच्या आरोपावरून पोलिसांनी एका माणसाच्या १२७ दिवसांच्या नोंदी मिळवल्या होत्या. त्यात त्याची १२,८९८ ठिकाणे होती. दिवसाला शंभरावर! माणूस देवळात किती वेळा गेला, दवाखान्यात कोणाकडे गेला, कोणाच्या घरी रात्री राहिला, हे सगळे त्यातून वाचता येते. अशा नोंदी हव्या असतील तर आधी न्यायाधीशासमोर सबळ कारण दाखवून हुकूम आणा, असे त्या न्यायालयाने बजावले.

येथे कोणी जालन्याचा दाखला देईल, आणि तो चांगला दाखला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याला एका उमेदवाराचा अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, असा वाद निघाला. निवडणूक कचेरीतल्या कॅमेऱ्यांचे चित्रण पुढे आले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने निर्वाळा दिला की, मूळ यंत्र हजर केले नसेल तर अशा नकलेसोबत रीतसर प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही प्रमाणपत्राची ती अट आहे. पण हे प्रमाणपत्र काय सांगते? यंत्र ठीक चालत होते आणि नक्कल अस्सल आहे. फोन कोणाच्या हातात होता, तो टॉवरपासून किती लांब होता, तेथे तो कशासाठी होता, यांविषयी ते मौन पाळते. कागद खरा ठरला म्हणून गोष्ट खरी ठरत नाही.

पोलिसांविरुद्ध माझा आकस नाही. २००८ साली मुंबईवर हल्ला झाला तेव्हा ‘कुबेर’ नौकेवर सापडलेल्या जीपीएस यंत्रातील नोंदींवरून हल्लेखोरांची कराचीपासूनची वाट मांडता आली. ते काम मोलाचे होते. मी शस्त्र मोडा म्हणत नाही; म्यान करून ठेवा आणि उपसण्यापूर्वी विचारा, असे म्हणतो. माझ्या मागण्या चारच आहेत. एक, कोणाच्याही मागच्या हालचालींच्या नोंदी मागवण्यापूर्वी न्यायाधीशाचा हुकूम घ्यावा; घाईची वेळ असेल तर मागाहून चोवीस तासांत घ्यावा. दोन, कोर्टात ठिपका दाखवायचा तर त्याभोवतीचे वर्तुळही दाखवावे, ‘येथे’ न म्हणता ‘या एवढ्या मुलखात कोठेतरी’ म्हणावे. तीन, कच्च्या नोंदी आरोपीच्या वकिलाला सुरुवातीलाच द्याव्यात, म्हणजे दुसऱ्या गावच्या राखणदाराने माग पाहावा तसा त्यालाही पाहता येईल. चार, नुसत्या लोकेशनवर कोणाला अटक करू नये; सोहॅमच्या तज्ज्ञासारखे कोणीतरी ती वाट प्रत्यक्ष चालून यावे. यात काय अशक्य आहे? पायांना थोडे श्रम पडतील, एवढेच.

उद्यापरवा भाऊबीज. या दिवसाला यमद्वितीया म्हणतात, आणि काही घरांतून या दिवशी चित्रगुप्ताची व त्याच्या दौतलेखणीची पूजा होते. माणसाच्या प्रत्येक पावलाची नोंद त्याच्या वहीत असते अशी श्रद्धा आहे. आज तशी वही टेलिफोन कंपन्यांकडेही आहे. फरक एवढाच की, चित्रगुप्ताला पावलामागचा हेतूही दिसतो असे आपण मानतो, आणि कंपनीच्या वहीत फक्त टॉवरचा क्रमांक असतो. तेव्हा पुढच्या वेळी ते गुळगुळीत वाक्य वाचाल, तेव्हा पान उलटण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: फोन कोणाच्या हातात होता? वर्तुळ केवढे होते? आणि लोकेशनखेरीज हाती काय आहे? उत्तर बातमीत नसेल, तर ‘सापडला मेला’ हे शब्द तूर्त ओठांतच ठेवा. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात नुसता संन्याशीच मरत नाही. चोरही मोकळा राहतो, आणि तो आपल्याच गावात राहतो.